सतारीचा निकाल

वसंत पंचमीच्या सकाळी आमच्या वसाहतीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती आणि जिकडे पाहावं तिकडे पिवळंच पिवळं होतं. सरस्वतीच्या पूजेला पिवळं घालायचं असा रिवाज. बायकांनी ठेवणीतल्या साड्या काढल्या होत्या, पुरुषांनी कपाटाच्या तळातून लग्नातले झब्बे उपसले होते, आणि आमच्या वॉचमनकडे पिवळं काहीच नसल्याने तो ड्यूटीवरचं चमकपट्टीचं जाकीट चढवून आला होता. भक्तीत कमी पडला असं कुणी म्हणायला नको.

समोर देवीची मूर्ती. तिच्या पायाशी घराघरांतून आलेल्या पुस्तकांच्या चळती. त्यांच्या पुढे, पिवळ्या शालीवर आडवी ठेवलेली, मुलांना गाणं शिकवणाऱ्या गाणेबाईंची सतार. या दिवशी पुस्तकांना आणि वाद्यांना हात लावायचा नसतो. ती देवीची झालेली असतात. दुसऱ्या दिवशी उचलायची आणि कामाला लागायचं. वर्षातून हा एकच दिवस असा, की अभ्यास न करणं हेच पुण्य. आणि या पुण्यात मुलांनी कधी कसूर केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

तर त्या सतारीला कुणाचाही हात लागलेला नव्हता. जवळपास दोरी नव्हती, पडदा नव्हता. सेक्रेटरीसाहेबांनी सकाळीच शालीखाली डोकावून खात्री करून घेतली होती. सेक्रेटरीसाहेबांचा मुलगा हात जोडून मूर्तीसमोर उभा राहिला. पूजेला बोलावलेल्या नादमहाराजांनी डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि एक लांबलचक ॐकार लावला. मग तो एकाएकी तोडला. हॉलमध्ये चिडीचूप. आणि त्या शांततेत सतार आपली आपण गुणगुणायला लागली.

अगदी बारीक आवाज. लांब कुठं तरी पितळेच्या भांड्याला धक्का लागावा तसा. पण सतारीपुढे माईक ठेवलेला होता, 'आईचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवा,' अशी महाराजांची आज्ञा होती, म्हणून तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. पुढच्या रांगेतल्या आजींनी डोळ्यांना पदर लावला. सेक्रेटरीसाहेबांनी चष्मा काढून पुसला, मग डोळे पुसले, मग पुन्हा चष्मा.

"आईनं होकार दिला," महाराज म्हणाले. "या बालकाच्या भाळी विद्या आहे."

हे बालक मागच्या चाचणीत तीन विषयांत झोपलं होतं हे मला ठाऊक होतं, कारण कोपऱ्यावर माझं वह्या-पेनांचं दुकान आहे आणि निकालाच्या दिवशी कोण मान वर करून आत येतं, कोण खाली घालून, हे मला गल्ल्यावरून दिसतं. पण देवीच्या आणि दुकानदाराच्या हिशेबात फरक असायचाच, अशी मी मनाची समजूत घातली.

नादमहाराज आमच्याकडे पंधरवड्यापूर्वी अवतरले. नाद म्हणजे ब्रह्म, ब्रह्म म्हणजे कंपन, कंपन म्हणजे क्वांटम, आणि क्वांटम म्हणजे काय हे परदेशातले शास्त्रज्ञ त्यांना फोन करून विचारतात, अशी एकूण मांडणी. कुठल्याही प्रश्नाला उत्तर ठरलेलं, 'आईची फ्रिक्वेन्सी लागायला हवी.' गुडघे दुखतात? फ्रिक्वेन्सी. मुलगी उलटून बोलते? फ्रिक्वेन्सी. एकदा हॉलचा पंखा बंद पडला तेव्हा मात्र इलेक्ट्रिशियनलाच बोलावलं.

पंचमीला त्यांनी 'विद्यानिर्णय' जाहीर केला. एकेका विद्यार्थ्याने समोर यायचं, डोळे मिटून उभं राहायचं. महाराजांचा ॐकार झाल्यावर सतार बोलली, तर विद्या भाळी आहे. नाही बोलली, तर नाही. ज्याच्यासाठी सतार गप्प राहील, त्याच्या पुस्तकांना लाल दोरा गुंडाळायचा आणि ती पुढच्या पंचमीपर्यंत देवीच्या पायाशीच ठेवायची. मधल्या काळात त्या मुलाने महाराजांच्या मठात सेवा करायची, म्हणजे झाडलोट, भांडी आणि गाई. दोष फिटला तर फिटला.

एकेक मूल पुढे येत होतं. महाराजांच्या सत्संगाला नेमाने बसणाऱ्यांच्या पोरांना सतार बोलत होती. ज्यांनी अजून मठाचा उंबरा पाहिला नव्हता, त्यांच्या पोरांपुढे तिची वाचा बसत होती. हा योगायोग मी मनातल्या मनात मांडून ठेवला, बेरीज मात्र केली नाही. सणाचा दिवस होता.

मग शिंपीदादांच्या बटणीचा नंबर आला.

शिंपीदादांचं दुकान माझ्या दुकानाला लागून. दोघांत एकच भिंत, तीही इतकी पातळ की त्यांच्या मशीनच्या घरघरीवर माझ्या बरण्यांतली खोडरबरं थरथरतात. माणूस सोन्यासारखा, फक्त शिवायला टाकलेला कपडा सांगितलेल्या दिवशी मिळाला, असं आजवर झालेलं नाही. चौथीत शाळा सुटली ती बापाने मशीनवर बसवलं म्हणून. त्यांची एकुलती एक लेक रांगत असताना डब्यातलं बटण गिळून बसली होती. बटण दुसऱ्या दिवशी बाहेर आलं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. आता पोरगी शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. पुढच्या महिन्यात परीक्षा, आणि ती चांगली गेली तर कॉलेज. त्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी पहिलीच. दादा गिऱ्हाइकाचं माप घेतानासुद्धा हे सांगायचे आणि छातीचं माप हमखास चुकवायचे.

बटण उभी राहिली. महाराजांनी ॐकार लावला, तोडला. चिडीचूप.

सतार बोलली नाही.

महाराजांनी हळहळल्यासारखी मान हलवली. त्यांचा शिष्य पुढे झाला आणि बटणीच्या पुस्तकांच्या चळतीला लाल दोऱ्याचे वेढे देऊ लागला. गणित, विज्ञान, भाषा, सगळं एका गाठोड्यात. पुढच्या महिन्यातली परीक्षा त्याच गाठोड्यात.

शिंपीदादा जागेवरून उठले, हात जोडले आणि विचारलं, की परीक्षेपुरती तरी सूट मिळेल का. महाराज गोड हसले. आईच्या निर्णयावर अपील नसतं, म्हणाले. आणि पुढे, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, "बापाची कला लेकीनं शिकावी. मात्र दिलेला शब्द पाळायची सवय आधी लावून घ्यावी."

तेव्हा मला उलगडा झाला. महाराजांनी पंचमीसाठी पिवळी रेशमी कफनी दादांकडे शिवायला टाकली होती. ती अजून दुकानात, एका बाहीनिशी, खुंटीवर लटकत होती. महाराज जुनीच कफनी घालून ब्रह्म सांगत होते.

दादा खाली बसले आणि गुडघ्यावरची सुरकुती अंगठ्याने सपाट करत राहिले. आपल्या रक्तातच विद्या नाही असं त्यांना चौथीपासून वाटत आलं होतं. आज ते देवीने माईकवर सांगितलं होतं.

दुपारची आरती झाली, मंडळी जेवायला पांगली. मी चपला शोधत होतो तर जिन्याखाली गाणेबाई आणि बटण. पोरगी रडत असेल या अंदाजाने मी रुमाल काढला, पण ती रडत नव्हती. भांडणाच्या तयारीत असल्यासारखी उभी होती.

"बाई," ती विचारत होती, "महाराज माझ्याच वेळी बेसूर का झाले?"

गाणेबाई वसाहतीतल्या दोन पिढ्यांना सूर शिकवून म्हाताऱ्या झालेल्या, आणि बटणही त्यांच्याच क्लासमधली. बोलणं कमी, नजर जास्त. त्या म्हणाल्या, की ॐकार मधूनमधून उतरतोय हे त्यांनाही कळत होतं, पण घसा दमला असेल म्हणून सोडून दिलं.

"दमलेला घसा पुढच्या मुलाला परत बरोबर वर कसा जातो?" बटणीने विचारलं. "सेक्रेटरीकाकांच्या मुलाला लावला तो तुमच्या सतारीचा सा होता. मला लावला तो त्याच्या खाली, सा आणि नी यांच्या मध्येच कुठं तरी. तिथं तुमच्या सतारीला तारच नाही."

पोरगी पुढे सांगू लागली, की आधीच्या मुलाच्या मागेच ती रांगेत उभी होती आणि तिने डोळे मिटले नव्हते. सतारीच्या तारांवर झेंडूच्या दोन पाकळ्या पडल्या होत्या. त्याच्या वेळी त्या थरथरल्या, पण महाराज थांबल्यावर नव्हे. ॐकार चालू असतानाच. सतार नंतर बोललीच नव्हती. ती आधीपासून बोलत होती, महाराजांचा आवाज थांबला म्हणून ऐकू आली, इतकंच.

बाईंनी कपाळाला हात लावला. आठवड्यापूर्वी हे महाराज क्लासमध्ये येऊन मांडी घालून बसले होते. काय गोड गळा तुमचा, कुठल्या स्वरात गाता, सतारीच्या तारा कुठल्या सुरांत जुळवता, अशी नम्र चौकशी. बाईंनी हौसेने वाजवून दाखवलं होतं. म्हणजे कुलूपही बाईंचं, आणि किल्लीही बाईंनीच हातात ठेवलेली.

मी म्हटलं, आत्ता जाऊन सतार उचलू आणि सगळ्यांपुढे दाखवून देऊ. बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी तालात चुकल्यासारखा गप्प झालो. "आज वाद्याला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "लावणारही नाही. गळ्याला कुणी बंदी घातली आहे?"

दुपारी हॉल पुन्हा भरला. उरलेल्या पोरांचा निर्णय व्हायचा होता. महाराज छाती भरून घेणार एवढ्यात गाणेबाई उठल्या आणि म्हणाल्या, की या मुलीला एकदा देवीपुढे सूर लावू द्या.

महाराजांनी सांगितलं, की आईने जिला नाकारलं तिने पुन्हा पुढे येणं शास्त्रात बसत नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, आईने खरोखर नाकारलं असेल तर सतार गप्पच राहील आणि महाराजांचाच शब्द पक्का होईल. यात महाराजांचं नुकसान ते काय?

यावर महाराजांना शास्त्र सापडेना. सेक्रेटरीसाहेबांना तर हा ठराव फारच आवडला. सूचक-अनुमोदक दोन्ही मिळाल्यासारखी त्यांनी मान डोलावली.

बटण सतारीजवळ गेली. वीतभर अंतर ठेवून बसली, हात पाठीमागे बांधले आणि सूर लावला. साधा 'आ', सरळ काठीसारखा. मग तोडला.

सतार गुणगुणली. सकाळपेक्षा जोरात.

हॉलमध्ये खळबळ उडाली. पण महाराजही कसलेले होते. त्यांनी दोन्ही हात वर केले. "आई द्रवली! आईनं दोष पोटात घातला," असं म्हणून ते डोळ्यांत पाणी आणायच्या खटपटीला लागले.

ते पाणी यायच्या आत बटणीने दुसरा सूर लावला. थोडा खालचा, सकाळी महाराजांनी तिच्यासाठी लावला होता तो. तोडला. सतार ढिम्म. पुन्हा वरचा. सतार बोलली. पुन्हा खालचा. गप्प.

"द्रवली, मग रागावली, मग परत द्रवली," मागून वॉचमन म्हणाला. "आईचं माझ्या सुपरवायझरसारखंच आहे."

इतका वेळ पिवळ्या रंगाने गंभीर झालेला हॉल हसला, आणि हसू एकदा आलं की भीतीला बसायला जागा राहत नाही. लोक उठून पुढे आले. हे होतं कसं, असं विचारू लागले. गाणेबाईंनी बटणीकडे बोट दाखवलं.

पोरगी आधी अडखळली, मग सुटली. झोका आठवा, म्हणाली. झोका त्याच्या लयीत येतो-जातो. त्या लयीत नुसतं बोट लावत गेलं तरी तो उंच चढतो; लय चुकवून ढकललं तर जागच्या जागी अडखळतो. तार म्हणजे झोकाच. प्रत्येक तारेची आपली एक लय असते. नेमका तोच सूर जवळ लागला, की हवेचे धक्के त्या लयीत बसतात आणि तार हात न लावता हलायला लागते. सूर जरा चुकवला, की हलत नाही. सतारीला पडद्यांखाली बारीक तारांची एक रांगच असते, ती याच कामासाठी बसवलेली. ज्यांना पास करायचं त्यांना महाराज जुळता सूर लावत होते, ज्यांना नापास करायचं त्यांना चुकवलेला.

"याला अनुनाद म्हणतात," ती म्हणाली. "विज्ञानाच्या पुस्तकात ध्वनीचा धडा आहे, त्यात दिलंय. पान काढून दाखवलं असतं. पण ते पुस्तक त्या दोऱ्यात बांधलंय, आणि तसंही आज हात लावायचा नाही."

सगळ्यांच्या नजरा महाराजांकडे वळल्या. महाराजांनी तत्काळ मौन धारण केलं. क्वांटमपासून गुडघ्यांपर्यंत ज्याला कशाचंही उत्तर येत होतं, त्या माणसाने ओठांवर बोट ठेवलं, आकाशाकडे पाहिलं आणि शिष्याला खुणेनेच गाडी काढायला सांगितली. सेक्रेटरीसाहेब दारापर्यंत मागे धावले. सकाळी आपल्या मुलाला मिळालेला होकार तरी कायम धरायचा ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं. गाणेबाईंनी त्यांना थांबवून सांगितलं, की त्याचा निर्णय परीक्षेत लागेल. मुलगा हे ऐकून सकाळच्यापेक्षा जास्त भक्तिभावाने हात जोडून उभा राहिला.

शिंपीदादा मात्र अजून खालीच बसलेले. बटण त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, बाबा, तुम्ही लावा सूर.

दादांनी मान हलवली. आपण चौथी शिकलेले, आपल्याला काय येतंय, असं काहीबाही पुटपुटले. पण मशीनवर बसले की ते दिवसभर गुणगुणत असतात हे पलीकडच्या भिंतीला आणि माझ्या खोडरबरांना पक्कं माहीत. लेकीने हाताला धरून सतारीपुढे आणलं, कानाजवळ सूर दिला. दादांनी घसा खाकरला, डोळे घट्ट मिटले, आणि खर्जात का होईना, नेमका तोच सूर लावला. लाजून लगेच तोडलाही.

सतार बोलली.

दादांनी डोळे उघडले. सतारीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. चौथीपासून छातीवर ठेवलेला एक दगड कुणी तरी उचलून बाजूला ठेवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"म्हणजे ही कुणालाही हो म्हणते," ते हळूच म्हणाले.

"सूर बरोबर लावला, की कुणालाही," बटण म्हणाली.

दादा पुस्तकांच्या चळतीजवळ गेले. लाल दोऱ्याची गाठ नीट निरखली, शिंपी निरखतो तशी. मग गाणेबाईंना विचारलं, आज पुस्तकाला हात लावायचा नाही ना?

"नाही," बाई म्हणाल्या.

"दोऱ्याला चालेल?"

आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी खिशातून छोटी कात्री काढली, पुस्तकाला बोटसुद्धा लागू न देता दोरा कापला आणि तुकडे वेचून खिशात टाकले. शिंप्याचा हात, धागा जमिनीवर राहू देत नाही. मग ज्या ज्या आईबापांच्या पोरांची पुस्तकं बांधली होती ते रांगेत उभे राहिले. आयुष्यात प्रथमच दादांनी सगळ्यांचं काम त्याच दिवशी, समोर उभं राहून पुरं केलं.

आता माझं म्हणणं, मग दुकान उघडायला मी मोकळा. देवीपुढे हात जोडायला माझी ना नाही. मीही जोडतो, माझं दुकान तिच्याच जिवावर चालतं. पण जी देवी विद्येची, ती पोरांची पुस्तकं बांधून कशी ठेवील, हे एकाच्याही मनात आलं नाही, आणि शंभर माणसांच्या हॉलमध्ये डोळे उघडे ठेवले ते एका पोरीने. चमत्कार दिसला, की आधी एवढं विचारावं: हे पुन्हा करून दाखवाल का? दुसऱ्या कुणाच्या हातून होईल का? आणि हे खरं मानलं, तर आपल्या पोराच्या हातातून काय जाणार आहे? जो या प्रश्नांवर रागावतो किंवा मौनात जातो, त्याला दारापर्यंत सोडून यावं. विचारायला ना पिवळा झब्बा लागतो ना पदवी. आणि विचारल्याने देवी रागावत नाही. रागावतो तो मधला माणूस.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा भिंतीपलीकडे मशीनची घरघर सुरू झाली होती आणि तिच्यावरून बटणीचं पाठांतर ऐकू येत होतं. मध्येच मशीन थांबली. दादांनी विचारलं, तो झोक्याचा धडा पुन्हा एकदा मोठ्याने वाचशील का, नीट ऐकायचा राहिला. तिने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. कफनी एका बाहीनिशी तशीच खुंटीवर होती.